आडात नाही, पोहऱ्यात आहे

१

दुसरी बाटली उघडली आणि आमचा खटला पाण्यात गेला.

नियम तसा सोपा आहे. कारखान्याच्या नाल्यातून बादलीभर पाणी काढायचं, ते दोन बाटल्यांत ओतायचं, पंचांसमोर दोन्हींना सील लावायचं. पहिली बाटली आमच्या प्रयोगशाळेत जाते. दुसरी कोर्टाच्या फ्रिजमध्ये राहते. आरोपीला आमचा अहवाल पटला नाही, तर तो तिची तपासणी दुसऱ्या शहरात करून घेऊ शकतो.

पहिल्या बाटलीत क्रोमचं विष मर्यादेच्या चाळीस पट निघालं होतं. नळाच्या तोट्या आणि गाड्यांचे बंपर चकचकीत करणारा प्लेटिंगचा कारखाना तो. त्या अहवालावर आम्ही मॅनेजरवर फौजदारी खटला भरला. दंड भरून सुटायचा प्रकार नव्हता, शिक्षा झाली तर तुरुंग होता. पर्यावरण गुन्हे कक्षात मी अकरा वर्षं तपास अधिकारी आहे. सात खटले भरले, सातही गेले. हा आठवा जिंकणार, असं शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणत होते.

आणि दुसऱ्या बाटलीत क्रोम नावालाही नव्हतं.

"एकच बादली, एकच वेळ," न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "एका बाटलीत विष, दुसरीत नाही. दहा दिवसांत खुलासा द्या. नाहीतर आरोपी मोकळा."

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील भिंतीला टेकून उभे होते. ऑफिसात त्यांना सगळे तारीखसाहेब म्हणतात, कारण त्यांना हमखास मिळते ती एकच गोष्ट.

"मॅडम, सरळ आहे," ते म्हणाले. "कारखान्यानं कुणाला तरी गाठून दुसरी बाटली बदलली. तो माणूस शोधा, खटला उभा राहतो."

मलाही तेच वाटत होतं. मी तडक मुद्देमालाच्या खोलीकडे निघाले.

२

मुद्देमाल कारकून माझा प्रश्न ऐकून इतका दुखावला, की त्यानं खुर्चीही दिली नाही.

"हा फ्रिज मी माझ्या जेवणाच्या डब्यालाही वापरत नाही," तो म्हणाला. "तीन महिन्यांत किल्ली माझ्या कमरेची हलली नाही. हे बघा."

त्यानं बाटलीचं सोडवलेलं सील कागदाच्या पुडीतून काढलं. लाखेवर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. दोऱ्याला जोड नव्हता. चिठ्ठीवर दोन्ही पंचांच्या सह्या, त्यातली एक ओलाव्यानं फुटलेली. पंचाचा हात त्या दिवशी ओला होता, हे मला आठवत होतं. असली फुटलेली सही कोणी नक्कल करून काढू शकत नाही. बाटली बदललेली नव्हती.

मग मी आमच्या नमुने घेणाऱ्या काकांना गाठलं. सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात. निवृत्तीला चार महिने उरलेत, पण अजून दोरीनं मोजल्याशिवाय नाल्यात बादली सोडत नाहीत.

"काका, त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं?"

"घडलं की. तुमच्या हातून बाटली पडली."

मी ते विसरूनच गेले होते. शेवाळलेल्या दगडावर माझा पाय सरकला, एक रिकामी बाटली हातातून सुटली आणि तिचं तोंड तडकलं. मग ड्रायव्हरनं गाडीतून राखीव बाटली आणून दिली. काकांनी पंचनाम्यात तसं लिहिलंही होतं. त्याच्या खालची ओळ होती: 'काचेच्या पेल्यात पाणी पाहिले. रंग नाही, वास नाही.'

"बाटल्या आधी त्याच पाण्यानं विसळल्या होत्या ना?"

"छे! धातूच्या तपासणीच्या बाटल्या विसळत नाहीत. लॅबमधूनच त्यांत आम्लाचे पाच-सहा थेंब टाकून देतात, पाणी टिकावं म्हणून. विसळलं तर ते जाईल. झाकण काढायचं, भरायचं, बंद करायचं."

तिथून मी प्रयोगशाळेत गेले. केमिस्टबाई माझ्यापेक्षा जास्त वैतागलेल्या होत्या.

"माझ्या अहवालावर शंका? बसा इथे. उरलेलं पाणी ठेवलंय मी. तुमच्यासमोर पुन्हा तपासते."

पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून त्यांनी काचेच्या भांड्यात पाणी ओतलं. तासाभरानं यंत्रावर आकडा आला. पुन्हा चाळीस पट.

"झालं समाधान?"

मी आकड्याकडे पाहतच नव्हते. मी भांड्याकडे पाहत होते.

"बाई, हे पाणी पिवळं आहे."

"फिकट पिवळं. पहिल्या दिवसापासून आहे, तसं नोंदलंय मी. का?"

नाल्यावर त्याला रंग नव्हता.

३

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर सहामाहीचे पेपर पसरून बसला होता, आणि मी त्याच टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून डोकं धरून बसले होते.

"सगळे कपाळकरंटे मलाच भेटतात," मी म्हणाले. "बाटली बदललेली नाही, अहवाल खोटा नाही, मग झालं काय?"

त्यानं लाल पेन कानावर खोचलं आणि माझे कागद ओढून घेतले. पेपर तपासताना पाहतो तसा पाहू लागला.

"ही दोन पोरं शेजारी बसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"बघ ना. क्षार, दोन्हीकडे सारखे. जडपणा सारखा. लोह सारखं. निकेल सारखं, तेही नगण्य. दहांपैकी नऊ उत्तरं जुळतात, ती पण दशांशापर्यंत. फक्त क्रोमचं वेगळं. कुणी दुसऱ्या बाटलीत नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी भरलं असतं, तर एक तरी आकडा वेगळा आला नसता का?"

मी कागद परत ओढले. खरं होतं. दोन्ही बाटल्यांत एकच पाणी होतं. त्या दिवशी त्या नाल्यात जे वाहत होतं तेच, आणि ते स्वच्छ होतं. निकेलवरूनही तेच दिसत होतं. त्या कारखान्यात निकेलच्या टाक्या क्रोमच्या टाक्यांना लागून आहेत. घाण आली तर जोडीनं येते.

म्हणजे दुसरी बाटली खरी होती. खोटी होती ती पहिली, आमची. कुणीतरी तिच्यात नुसतं क्रोम घातलं होतं.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?" नवरा म्हणाला.

दिवसभर मी कारखान्यानं फितवलेला माणूस शोधत होते, आणि चोर माझ्याच घरात निघाला होता.

४

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढायला लावली आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले. वाटेत विचारलं, "ती राखीव बाटली कुठली होती?"

"माझ्या सीटखालची, मॅडम. लॅबचीच. मागच्या वेळची उरलेली, कोरी, झाकण बंद. का हो? काही लफडं झालं का?"

"ती लावायची ठरली, तेव्हा कुणी नको म्हणालं होतं?"

"कोण म्हणणार? काका म्हणाले, बरं झालं आहे ती, नाहीतर परत चार तासांची रपेट. पंच तर उन्हानं कावले होते. तुम्ही स्वतःच म्हणालात, आण लवकर."

मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि एकेकाला तोलत गेले.

सील लावल्यावर बाटलीत काही घालता आलं नसतं, कारण लॅबमध्ये पोचली तेव्हा सील शाबूत होतं. काठावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घालणंही शक्य नव्हतं. उरली एकच शक्यता. पाणी भरण्याच्या आधीच क्रोम बाटलीत होतं. बाटली पांढरी, आत पाच-सहा थेंब असायचेच. ते थेंब कसले आहेत, हे कोण पाहतं?

पण असं करणारा माणूस एकच बाटली कशाला नासवेल? दुसरी तपासायला जाते, हे आमच्या शिपायालाही माहीत आहे. त्यानं दोन्ही नासवल्या असणार. त्यातली एक माझ्या हातून फुटली आणि तिच्या जागी जुनी, चांगली बाटली आली. काका किंवा ड्रायव्हर यांतल्या कुणाचं हे काम असतं, तर त्यानं राखीव बाटली आणूच दिली नसती. काहीतरी सबब काढून त्यानं ती टाळली असती. काकांनी तर उलट तिचं स्वागत केलं आणि इमानदारीनं पंचनाम्यात नोंद केली.

म्हणजे बाटली फुटली हे ज्याला कळलंच नाही, तो माणूस. काठावर नसलेला. लॅबमधला.

केमिस्टबाई? त्यांना खोटं करायचं असतं तर थेंब टाकायची यातायात कशाला? नुसता आकडा लिहिला असता आणि उरलेलं पाणी मोरीत ओतलं असतं. शिवाय जाणकार बाई, निकेल घालायला विसरल्या नसत्या.

बाटल्यांना ज्याचा हात लागतो असं लॅबमध्ये आणखी एकच माणूस होतं, बाटल्या धुणारी बाई. मी अकरा वर्षांत तिला चारदा तरी 'मावशी, जरा सरका' म्हटलं असेन. त्यापलीकडे काही नाही.

५

बाटल्या धुण्याची खोली लॅबच्या मागे आहे. लांब सिमेंटची मोरी, फळ्यांवर उपड्या ठेवलेल्या बाटल्या, आणि कोपऱ्यात काचेच्या झाकणाची एक बरणी. तिच्यात गडद नारिंगी रंगाचं आम्ल. काचेला चिकटलेलं काहीही ते खाऊन टाकतं. क्रोमचंच असतं ते.

मावशी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेले.

"मावशी, धातूच्या बाटल्यांत थेंब कोण टाकतं?"

"मीच. बाईंनी शिकवलंय. पांढऱ्या बाटलीतलं आम्ल, सहा थेंब."

"आणि त्या दिवशी?"

त्यांनी हातमोजे काढले. घाई केली नाही. ते मोरीच्या कडेला वाळत घातले, मग माझ्याकडे वळल्या.

"त्या दिवशी बरणीतलं," त्या म्हणाल्या. "दोन्हीत. पण तुम्ही एक फोडलीत, असं आता ऐकलं."

मी इतकी गोंधळले, की ओरडायचं राहून गेलं. "मावशी, अहो, काय केलंत हे! मॅनेजर सुटणार आता. तुमच्यामुळे सुटणार!"

"तो एरवी सुटला नसता का?"

त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः मोरीच्या कट्ट्याला टेकल्या.

"माझे मिस्टर होते तिथे. क्रोमच्या टाकीवर, सोळा वर्षं. आधी वास यायचा बंद झाला. मग नाकातून रक्त. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा फुटलाय, आरपार भोक. तिथल्या टाकीवरच्या सगळ्यांचं तसंच आहे. ते आपसात हसायचे, एका नाकपुडीतून वात घालून दुसरीतून काढता येईल म्हणायचे. नंतर छातीचं निघालं. दोन वर्षं झाली जाऊन."

मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"सोमवारी फाटकावरून आत फोन जायचा," मावशी म्हणाल्या. "बुधवारी सरकारी गाडी येणार. मंगळवारी टाक्या बंद, नालीत बोअरचं पाणी. दर वेळी. मिस्टर घरी येऊन सांगायचे, उद्या सुट्टीसारखंच आहे. आणि गुरुवारी तुमच्या बाटल्या माझ्याकडे धुवायला यायच्या. मी अकरा वर्षं स्वच्छ पाण्याच्या बाटल्या धुतेय, मॅडम."

"फाटकावर कोण सांगायचं? नाव सांगा. आमच्यातलाच कोणी आहे ना?"

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेले कागद काढले. मी दर वेळी लॅबला पाठवते तो फॉर्म होता. बाटल्या तयार ठेवाव्यात, अमुक तारीख, अमुक कारखाना. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत प्रती कुणाकुणाला, ते छापलेलं. लॅब, कोर्ट, वाहन विभाग. आणि चौथी प्रत: औद्योगिक वसाहत, प्रवेशद्वार कार्यालय, गाडीच्या पाससाठी.

ते कार्यालय कारखानदारांच्या संघटनेचं आहे.

कोणी फितूर नव्हता. खबर मीच देत होते, सही करून, अकरा वर्षं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. मिस्टर गेले तेव्हा. लेखी."

पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेलं एक पत्र काढलं. आमच्या कक्षाचं उत्तर होतं. 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' खाली माझी सही होती.

६

तारीखसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"नवऱ्याला थोडंफार."

"मग ऐका. राखीव बाटली जुनी होती, त्या दिवशीच्या संचातली नव्हती. नियमात बसत नाही. मी कोर्टाला सांगतो, दुसरा अहवाल धरूच नका. पहिला उरतो. चाळीस पट. आपण जिंकतो, मॅडम. आणि तो माणूस खरोखरच दोषी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणून तर त्यांनी लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. नवरा सकाळी डबा भरताना एकदाच म्हणाला, "तू काय करणार ते तू ठरव. पण त्या प्रतिज्ञापत्रावर सही तुझी असेल." मी त्याच्यावर उगाच खेकसले.

तिसऱ्या दिवशी मावशी स्वतःच ऑफिसात आल्या. धुतलेली साडी, हातात तीच पिशवी.

"माझा जबाब घ्या," त्या म्हणाल्या. "मी केलं ते लिहा. पण फॉर्मचंही लिहा, फाटकाचंही लिहा. माझा अर्ज नुसता नोंदवलात. जबाब तरी कोर्टात वाचावा लागेल ना?"

"मावशी, पुरावा बनवणं हा मोठा गुन्हा आहे. तुरुंग होईल."

"कुणाला तरी होऊ दे," त्या म्हणाल्या.

मी जबाब घेतला. पाच पानं झाली. तारीखसाहेबांनी ती कोर्टात ठेवली.

मॅनेजर त्याच आठवड्यात निर्दोष सुटला. त्याच्या वकिलांनी पायऱ्यांवर पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्यांशी हात मिळवले. फॉर्मच्या चौथ्या प्रतीबद्दल न्यायाधीशबाईंनी निकालात एक कडक वाक्य लिहिलं. त्यावर समिती बसली. समितीनं ठरवलं, की यापुढे फॉर्मची पाचवी प्रत समितीलाही पाठवावी.

मावशींनी गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांचा तुरुंग झाला. आमच्या कक्षाची अकरा वर्षांतली ती पहिली शिक्षा. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. "चला, खातं तरी उघडलं," म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. "हो सर," एवढंच म्हणाले मी.

तुरुंगात भेटायला गेले, तेव्हा मावशींनी मिस्टरांचे दवाखान्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. शेजारणीकडे, पत्र्याच्या पेटीत. ते मी घेऊन आले आणि चाळत बसले. नाकाचे फोटो होते, तारखा होत्या, कारखान्याच्या डॉक्टरचा शेरा होता: 'कामावर ठेवण्यास हरकत नाही.'

मंगळवारी टाक्या बंद करता येतात. नाकाचं काय करणार होते ते? कामगारांना जाणूनबुजून इजा होऊ देणं हाही फौजदारी गुन्हाच आहे, आणि त्याला बाटली लागत नाही.

मी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांना राजी केलं. रविवारी सकाळी त्यांचा दवाखाना मिळाला. टाकीवरच्या चौदा जणांना घरोघरी जाऊन निरोप दिला. फॉर्म भरला नाही, गाडी नेली नाही, बसनं गेले. वहीत पहिलं नाव मावशींच्या मिस्टरांचं लिहिलं, त्यांचे कागद जोडले आणि वाट पाहत बसले.

नऊ वाजले. दहा वाजले. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. एका कामगाराची बायको येऊन सांगून गेली, की हे येणार नाहीत, यांना नोकरी हवी आहे. साडेअकराला मी वही मिटली. इतकी वैतागले होते, की पेनाचं टोपणही सापडेना.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, रविवारचे कपडे, रुमाल नाकाशी धरलेला. आत येईना.

"नाव लिहावं लागेल का?" त्यानं विचारलं.

"लागेल," मी म्हणाले. "आणि पुढे कोर्टात सांगावंही लागेल. चार वर्षं चालेल कदाचित. जिंकू असं मी म्हणत नाही."

त्यानं मागे वळून रस्त्यावर नजर टाकली. मग चपला काढून आत आला आणि माझ्या पुढ्यातली वही त्यानं स्वतःच उघडली. पहिलं नाव वाचलं. रुमाल खिशात घातला.

"टाकीवर मी याच्या शेजारीच उभा असायचो," तो म्हणाला. "याच्याखाली माझं लिहा."